फोनवर आलेले पैसे रोजमेळात बसत नाहीत, कुठं चुकतंय?

गल्लेवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण शटर ओढायच्या वेळी डोकं खाणारा आहे. पूर्वी गल्ला मोजला, सकाळची मोड वजा केली, खर्चाच्या चिठ्ठ्या मिळवल्या की विक्री निघायची. आता निम्मे पैसे फोनवर येतात आणि रोजमेळाचा, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाच्या वहीचा, मेळ लागता लागत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मध्यम किराणा दुकानाचा एक दिवस नमुना म्हणून धरू:

बिलबुकाप्रमाणे विक्री १८,४६०
त्यात आज दिलेली उधारी १,४००
सकाळी गल्ल्यात मोड २,०००
किरकोळ खर्च (हमाली, चहा, पिशव्या) ६४०
रात्री गल्ल्यात रोख १०,०७०
फोनच्या ॲपवर दिवसाची जमा ९,८५०

जुळवून दाखवा. आणि फोनचे पैसे रोजमेळात धरायची तुमच्याकडची पद्धत काय, तेही सांगा. "ॲपच सगळं करतंय" हे उत्तर नको.

दसरा_चौक
रोख १०,०७० मधून मोड २,००० काढली, खर्च ६४० मिळवला, ८,७१० राहिले. त्यात फोनचे ९,८५० आणि उधारी १,४०० मिळवली की १९,९६०. बिलं १८,४६० ची. म्हणजे दीड हजार जास्त भरतायत.

तांबडा_पांढरा
जास्त भरत्यात व्हय? मग धागा कशाला काढलास भावा, गप घरला जा की.

खतावणी
हसण्यावारी नेऊ नका, जास्त भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट. दोन शक्यता. एक, दीड हजाराचं बिल फाडायचं राहिलं. दुसरी आणि जास्त संभवणारी, जुन्या उधारीचे दीड हजार कुणीतरी फोनवर पाठवले. गिऱ्हाईक घरी बसून रात्री आठला "मागचे पाठवले बघा" म्हणतं, दुकानदार "बरं" म्हणतो आणि उधारीच्या वहीत जमा टाकायचं राहून जातं. रोख घेऊन माणूस समोर उभा असला की वही आपसूक उघडली जायची. फोनवर माणूसच समोर नसतो.

पद्धत विचारलीत म्हणून सांगते. रोजमेळाच्या जमा बाजूला एकच रकाना ठेवू नका, चार करा: रोख विक्री, फोन विक्री, उधार विक्री, जुनी उधारी वसूल. वसुलीच्या रकान्यात रोख की फोन ते "रो" किंवा "फो" असं एका अक्षरात लिहा. प्रत्येक बिलावर हीच खूण त्याच वेळी करायची. रात्री आठवून खुणा करायला बसलात तर तो मेळ नव्हे, कल्पनाविलास.

दुसरं, दिवस कधी संपतो ते ठरवा. ॲपचा दिवस रात्री बाराला संपतो, तुमचा साडेनऊला. साडेनऊनंतर आलेले पैसे उद्याच्या पानावर. आज एक नियम, उद्या दुसरा असं केलं की दोन्ही पानं बिघडतात.

उद्यमनगरी
खतावणीताईंच्या वेळेच्या मुद्द्याला जोड. दुकानात क्यूआर कोड कोणता लावलाय त्यावर बँकेत पैसे कधी दिसणार ते ठरतं. बँकेच्या खात्याला थेट जोडलेला कोड असेल तर प्रत्येक गिऱ्हाईकाची रक्कम वेगळी आणि लगेच जमा होते. मधल्या कंपनीचा व्यापारी कोड असेल तर बऱ्याच वेळा दिवसाची गोळाबेरीज रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एकरकमी येते, आणि साउंडबॉक्सचं, म्हणजे जमा बोलून सांगणाऱ्या डबीचं, भाडं त्यातूनच कापलेलं असतं. अशा वेळी रोजमेळ ॲपच्या यादीशी जुळवायचा आणि ॲपची एकरकमी जमा बँकेच्या पासबुकाशी. दोन पायऱ्या आहेत, एका उडीत जुळवायला गेलात की भाड्याचे शंभर-सव्वाशे महिनाभर शोधत बसाल.

गल्लेवाला
ताई, खुणेची गोष्ट पटली. त्याच दिवसाच्या बिलांवर खुणा धरून बेरीज केली तर रोख ९,२१०, फोन ७,८५०, उधार १,४००. बेरीज १८,४६० बरोबर येते. पण मग गल्ल्यात पाचशे कमी आणि फोनवर दोन हजार जास्त! दीड हजाराची उधारी मानली तरी पाचशे तरंगतायतच.

रंकाळ्याची_भेळ
पाचशे भेळ खाऊन गेले.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
आधी पैसे खरंच आलेत का ते बघा, मेळ नंतर. साउंडबॉक्सवर आंधळा विश्वास नको. त्या डबीत वेगळं सिम असतं, त्याला रेंज नसली की आवाज उशिरा येतो किंवा येतच नाही. महाद्वार रोडच्या जुन्या जाड भिंतींच्या दुकानांत डबी मागच्या फडताळावर ठेवली तर गप्पच राहणार. दाराजवळ ठेवा. उलट बाजूनं, गिऱ्हाईकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नाही. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप आहेत. आपल्या फोनवर जमा दिसली तर आली, नाही तर नाही.

कपिलतीर्थ
आणि जमा बघायला दर गिऱ्हाईकामागं बॅलन्स उघडू नका. ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. भाजीच्या गाड्यावर ५० गिऱ्हाईकं दुपारच्या आतच होतात. व्यवहारांची यादी उघडा, तिला ती मर्यादा नाही.

पावशेर_खोबरं
कोडच्या कागदावर दुसराच कोड चिकटवून जाणारे महाभाग असतात. सकाळी दुकान उघडताना स्वतः एक रुपया पाठवून बघायचा, पाच सेकंदांचं काम. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवताना बँकेतल्या नोंदीचं नाव दिसतं, टोपणनाव नाही. फायद्याची गोष्ट आहे, पण पाटीवर "श्री अंबाबाई ट्रेडर्स" आणि फोनवर मालकाच्या आईचं नाव आलं की गिऱ्हाईक बिचकतं. कोडच्या खाली बँकेतलं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गिऱ्हाईक नाव वाचून दाखवतं, तपासणी आपोआप होते.

जोतिबा_डोंगर
यात्रेत आणि नवरात्रात टॉवरवर एवढी माणसं असतात की व्यवहार "पेंडिंग"मध्ये अडकतात. गिऱ्हाईकाच्या खात्यातून गेले, दुकानदाराला आले नाहीत. मग दोघांत जुंपते. अशा वेळी काय करायचं?

उद्यमनगरी
क्रमानं सांगतो. गिऱ्हाईकाच्या ॲपमध्ये व्यवहार उघडला की १२ अंकी यूपीआय क्रमांक दिसतो, तो बिलाच्या मागं लिहून घ्या. दीड-दोन मिनिटं थांबून स्थिती पुन्हा बघायला सांगा, सारखं सारखं दाबून उपयोग नाही. तरी पेंडिंग असेल तर रोख घ्या आणि बिलावर "पेंडिंग, रोख घेतले" असं लिहा. नंतर जमा झालेच तर त्याच व्यवहारातून त्याच आयडीवर परत पाठवा.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम असा: माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांची मुदत. त्यापुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही मागितल्याशिवाय. बँका स्वतःहून देतात की नाही तो वेगळा धागा होईल.

तांबडा_पांढरा
पेंडिंगवरनं आठवलं, ऊसबिल.

संचालक_मंडळ
राजकारण या धाग्यावर नको. – व्यवस्थापन

चंदगडी_रताळं
गावाकडची अडचण कुणी मांडली नाही. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी खात्यावर पडतंय. फॅट-एसएनएफचा (दुधाच्या प्रतीचा) मेसेज संस्थेत दिलेल्या नंबरवर येतोय, बिल जमा झाल्याचा मेसेज बँकेत दिलेल्या नंबरवर. हे दोन नंबर वेगळे असले की मेळ कोण घालणार? आणि बँकेत नंबर कुणाचा? पोराचा. पोरगा पुण्यात, ओटीपी पुण्यात, म्हातारा चंदगडात. पशुखाद्याची कपात किती झाली ते बघायला पण पुण्याला फोन.

उपाय एवढाच. शाखेत जाऊन खातेदाराचा स्वतःचा नंबर लावून घ्यायचा. यूपीआय ॲपमधून हा बदल होत नाही. ॲप चालू होताना त्याच सिमवरून एक मेसेज बँकेकडं जातोय, म्हणून ते सिम त्याच फोनमध्ये पाहिजे आणि मेसेज जायला रिचार्ज पाहिजे. "इंटरनेट हाय पण नोंदणी होईना" म्हणणाऱ्या दहांतल्या आठांची अडचण ही एवढीच असते.

गुळाचा_रवा
साधा बटणांचा फोन असला तरी अडत नाही हेही सांगा लोकांना. *९९# फिरवलं की इंटरनेटशिवाय पैसे जातात, एका वेळी ५,००० पर्यंत. यूपीआय १२३पे म्हणून दुसरी सोय आहे, ठरलेल्या नंबरला फोन लावून आवाजाच्या सूचनांवर चालते, तिची मर्यादा १०,०००. दोन्हीला पिन लागतो आणि पिन ठरवताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात. कार्ड कपाटात कुठं ठेवलंय ते आधी शोधा.

मंगळवार_पेठ
हे सगळं ठीक, पण मी तर म्हणतो फोनचे पैसे घेणं बंदच करा. जुलै २०२५ मध्ये सीमेपलीकडं कर्नाटकात काय झालं वाचलंत ना? यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा. निपाणीपर्यंत आलेलं कागलला यायला किती वेळ?

खतावणी
फोन बंद केल्यानं कर टळत नाही, फक्त पुरावा बिघडतो. मर्यादा समजून घ्या. फक्त मालाचा धंदा असेल तर वर्षाला ४० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी, सेवेचा असेल तर २० लाख. ही उलाढाल रोख, फोन, उधार सगळी मिळून. निव्वळ करमाफ माल, म्हणजे ताजी भाजी, सुटं दूध, एवढंच विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही, जमा कितीही दिसो. पण भाजीबरोबर बिस्किटाचा पुडाही विकत असाल तर चाळीस लाखांच्या मोजणीत भाजीसुद्धा धरली जाते. कर मात्र बिस्किटावरच.

नोटीस आलीच तर उत्तर वहीतूनच निघतं. खात्यावर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मुलीनं पाठवलेले, भिशीचे, उसनवारीचे, जुन्या उधारीचे. धाग्याच्या उदाहरणात दिवसाला २,००० विक्रीबाहेरचे दिसतायत. ३०० दिवसांचे ६ लाख झाले. लिहिलेलं नसेल तर ते विक्री नव्हते हे कशाच्या जोरावर सांगणार?

दसरा_चौक
एक मिनिट. रोजची विक्री १८,४६०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५५ लाख ३८ हजार. गल्लेवाला, तुमच्या नमुन्यातल्या दुकानाला फोन असो वा नसो, नोंदणी लागणारच आहे की!

तांबडा_पांढरा
गेलं! मेळ घालायला आला आणि जीएसटीत घावला.

गल्लेवाला
नमुन्याचं दुकान आहे हो, नमुन्याचं. आणि त्याची नोंदणी आहे, कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरलेल्या टक्क्यानं कर भरायच्या जीएसटीच्या योजनेत.

खतावणी
मग बरोबर. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन मिळतं, व्यापाऱ्याला १ टक्का. पण गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि बिलावर कंपोझिशनवाले असल्याचं छापायचं.

आणि मंगळवार पेठकर, फोनचे पैसे बंद केलेत तर आयकरात तोटाच आहे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, लोक जिला ४४एडी म्हणतात, रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. दिवसाचे ७,८५० फोनवर म्हणजे वर्षाचे २३ लाख ५५ हजार. दोन टक्क्यांचा फरक ४७,१०० रुपये, एवढं उत्पन्न कमी धरलं जातं. उधारी नंतर फोनवर आली आणि विवरणपत्राच्या मुदतीच्या आत आली तर तीही ६ टक्क्यांत. म्हणून वसुलीच्या रकान्यात "रो" आणि "फो" लिहायला सांगितलं होतं, हौस म्हणून नाही.

चप्पल_लाइन
पर्यटक क्रेडिट कार्ड जोडलेल्या यूपीआयनं पैसे द्यायला बघतात आणि "होत नाही" म्हणून निघून जातात. कारण कोड घरगुती असतो. रुपे क्रेडिट कार्ड फक्त व्यापारी कोडवर चालतं. छोट्या व्यापाऱ्याला २,००० पर्यंत त्याचं शुल्क नाही, त्याहून महाग जोडाला पडतं. साध्या बचत किंवा चालू खात्यातून आलेल्या यूपीआयला जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्कच नाही. कुणी "यूपीआयचे दोन टक्के" म्हणून गिऱ्हाईकाकडून मागत असेल तर ते खोटं आहे.

गांधीनगर_ठोक
ठोक बाजारात अडचण वेगळीच. साध्या यूपीआयची दिवसाची मर्यादा १ लाख, काही बँकांची त्याहून कमी. कापडाच्या एका गठ्ठ्यालाच संपते. त्याच्या वरची रक्कम बँकेच्या एनईएफटीनं पाठवा, चोवीस तास चालतं. २ लाखांपासून पुढं आरटीजीएस. नव्या पार्टीला आधी १ रुपया पाठवून नाव बघा, मगच मोठी रक्कम. नवीन फोन घेतला असेल तर पहिले २४ तास पाठवायची मर्यादा ५,००० वर येते. त्यामुळं दिवाळीच्या खरेदीच्या आदल्या दिवशी फोन बदलायची हुक्की येऊ देऊ नका. येणारे पैसे मात्र येत राहतात.

रोखीचंही लक्षात ठेवा. एका पार्टीला दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेत तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, आणि २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही. सोन्याच्या गुजरीत आणि चांदीच्या हुपरीत हा नियम पाठ असतो, बाकीच्यांना सीए आठवण करून देतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
सगळ्यांत वाईट प्रकार राहिला: खातं गोठणं. फसवणुकीचे पैसे चार खाती फिरून कुणीतरी तुमच्याकडं तूपसाखर घ्यायला वापरतं. तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर होते, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक रक्कम अडवते. कधी तेवढीच रक्कम, कधी अख्खं खातं. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्याचं कोणतं पोलीस ठाणं आणि किती रकमेसाठी, हे तीन तपशील लेखी मागा. त्या व्यवहाराचं बिल आणि १२ अंकी क्रमांक जोडून अर्ज द्या, आणि वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करा अशी मागणी त्यात स्पष्ट लिहा. म्हणून धंद्याचं खातं वेगळं पाहिजे आणि त्यात गरजेपेक्षा जास्त शिल्लक ठेवायची नाही. घरखर्च, कर्जाचा हप्ता, पोरांची फी एकाच खात्यावर असेल तर दीड हजारापायी सगळं अडतं.

"चुकून तुम्हाला पैसे गेले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" असा फोन आला तरी हेच लक्षात ठेवा. परत द्यायचे तर आले त्याच आयडीवर. दुसऱ्या नंबरवर नाही, रोख तर मुळीच नाही.

पंचगंगा_३९
पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वीज गेली की पाठोपाठ टॉवर बसले, महामार्ग बंद. फोनमधले पैसे होते तिथंच, पण पीठ घ्यायला उपयोगाचे नव्हते. ३७-३८ फुटांच्या बातमीला दोन-तीन दिवसांची रोख काढून ठेवावी, त्यात शंभर-पन्नासच्या नोटा जास्त. पाचशेची मोड त्या वेळी कुणाकडं मिळत नाही. उधारीची यादी ॲपमध्ये असेल तर कागदावर उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर.

रंकाळ्याची_भेळ
नाव वाचूनच कळलं कोण लिहिणार ते.

मोड_द्या_मोड
मूळ प्रश्नाचे पाचशे अजून तरंगतायत. ते मी सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "एटीएम बंद आहे, फोनवर पाचशे टाकतो, रोख द्या." दुकानदार देतो. विक्री शून्य, गल्ल्यातून ५०० गेले, फोनवर ५०० आले. दसरा चौकांच्या एकूण बेरजेत ते दिसणारच नाहीत, कारण एका हातानं दिले, दुसऱ्या हातानं घेतले. रोख आणि फोन वेगळे मांडल्यावरच उघडे पडतात.

रोख: २,००० + ९,२१० − ६४० − ५०० = १०,०७०.
फोन: ७,८५० + १,५०० + ५०० = ९,८५०.

लागला मेळ.

दसरा_चौक
मान्य. नाद खुळा.

गल्लेवाला
वा! जुळलं. उधारीच्या वहीत दीड हजारांचं कुणाचं नाव पडायचं राहिलंय ते ॲपच्या यादीत शोधायचं एवढंच उरलं. ताई, मग या रोख दिलेल्या पाचशेसाठी पाचवा रकाना आखायचा का?

खतावणी
नको, तो विक्रीचा भाग नाही. जमा बाजूला "फोनवर घेतले ५००", नावे बाजूला "रोख दिले ५००", दोन ओळी समोरासमोर, आणि शेजारी १२ अंकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. अनोळखी माणसाला असे रोख देऊच नका, कारण तिसऱ्या गल्लीवाल्यांनी सांगितलेली खातं गोठायची भानगड अशाच पाचशेतूनही सुरू होऊ शकते.

तांबडा_पांढरा
आणि चहाचे ६४० म्हणजे किती कप प्यायले ते पण लिवा.

गल्लेवाला
त्यात हमाली आहे!